झाड बोडकं झाल्यावरच जाग येते का?

डोकं फिरलंय नुसतं! इथे अमेरिकेत ऐन जूनमध्ये जिथे गच्च सावली असायला हवी, तिथे ओकाचा सांगाडा उभा आहे. स्पंजी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी पानांचा पार फडशा पाडला, उरल्यात त्या जाड शिरा. झाडाखाली गेलं की वर टपटप, टपटप. पाऊस नाही तो, लेंड्या पडतायत! आणि केसाळ अळी मानेवर पडली की अंगावर गांधी उठते ती वेगळीच.

पण अळ्यांपेक्षा माझं टाळकं सटकतं ते शेजाऱ्यांमुळे. सगळा हिवाळाभर खोडांवर बदामी रंगाचे, लव असलेले पुंजके चिकटलेले होते. एकेका पुंजक्यात 500 ते 1000 अंडी! खरवडून साबणाच्या पाण्यात टाकायचे, एवढंच काम. दारोदार सांगत फिरले मी. उत्तर काय, तर "निसर्ग आहे, चालायचंच."

कसला डोंबलाचा निसर्ग! अमेरिकेत ही अळी मुळात नव्हतीच. 1868-69च्या सुमारास त्रूवलो नावाच्या माणसाने रेशमाच्या नादात ती युरोपातून मॅसॅच्युसेट्समध्ये आणली आणि तिथून ती निसटली. तेव्हापासून भोगतायत ती झाडं.

आता सगळं खाऊन झाल्यावर हीच मंडळी पंप घेऊन धावतायत. अहो, बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, फवारायचं असतं अळ्या बारीक असताना! ते पानाबरोबर पोटात जावं लागतं. बोटाएवढ्या झालेल्या अळ्यांना त्याने फारसं काही होत नाही, आणि खायला पान तरी कुठे शिल्लक आहे? मग जालीम विष मारायचं, म्हणजे अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्याही मरणार. वा रे हुशारी!

आणि कळस म्हणजे, "झाड मेलं, तोडून टाका." मेलेलं नाही हो ते! ओक साठवलेल्या ताकदीवर त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतो. एकदा ओरबाडला म्हणून सहसा मरत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षं असंच झालं, त्यात पाऊस दडला, तर मात्र खचतो. म्हणून आत्ता त्याच्या मुळांना पाणी घाला, करवत नको.

थोड्याच दिवसांत पांढऱ्या माद्या खोडावर बसतील. त्यांना धड उडताही येत नाही, बसल्या जागी अंडी घालतात. तेव्हा तरी घराबाहेर या आणि खोडाकडे बघा!