सात सुरांची चोरी

"चोरी आहे ही, शुद्ध चोरी!" बंड्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला. काल रात्री त्याने ओळीने तीन जॅझ सोलो (वादकाने आयत्या वेळी सुचेल तसं केलेलं एकल वादन) ऐकले आणि तिन्हींत तोच तुकडा निघाला: सा रे ग म, रे नि सा. ग आणि नि कोमल, नि खालच्या सप्तकातला. अशा छोट्या ठरावीक सुरावटीला लिक म्हणतात, पण जॅझवाले याला नुसतं 'द लिक' म्हणतात, जणू बाकीचे लिक नाहीतच.

"चोरी म्हणतोस, तर फिर्यादी कोण?" अण्णांनी विचारलं.

बंड्या तयारीनिशी आला होता. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की! १९१० सालच्या त्याच्या 'फायरबर्ड' बॅलेत हेच सूर सापडतात.

"अरे, 'सा'पासून चार सूर चढायचे, मग वरून रे आणि खालून नि लावून 'सा'ला घेरायचं, की आलं घर. हे कुणालाही सुचेल. १९७७ च्या 'बेबी कम बॅक' या पॉप गाण्यातही आहे. त्यांनी काय बॅले बघून उचललं?"

मी अण्णांच्या बाजूचा, पण अर्धाच. सूर तेच म्हणजे लिक तोच, हे दोघांनीही परस्पर ठरवून टाकलं होतं. मुग्धा सॅक्सोफोन वाजवते. तिने बंड्याला तेच सात सूर सारख्या अंतराने म्हणायला लावले. शिकवणीतल्या पहिल्या महिन्याचा पलटा वाटला. मग तिने मांडीवर चार मात्रांचा ठेका धरला. पहिले चार सूर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, रे नेमका तिसऱ्या मात्रेवर आणि दुप्पट लांब, नि आखूड, आणि शेवटचा सा पुढच्या समेच्या अर्धी मात्रा आधीच येऊन बसलेला. आता मात्र सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. ओळख पटली ती लयीमुळे.

"बरं, पण सगळ्यांना हाच का सापडतो?" बंड्या हट्ट सोडेना.

"मिनिटाला अडीचशे ठोक्यांची लय असली की सेकंदाला आठ सूर काढावे लागतात," मुग्धा म्हणाली. "तेव्हा डोकं चालत नाही, बोटं चालतात. रेकॉर्डवरून सोलो उतरवून, बाराही पट्ट्यांत घोटून जे हातात बसलंय तेच बाहेर येतं. आणि हा तुकडा कुठे अडत नाही. साथीला डी मायनर हा कॉर्ड असला तर बसतो, पुढे जी सेव्हन हा कॉर्ड आला तरी खटकत नाही."

जॅझमधला नामवंत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसुद्धा याला अपवाद नव्हता. टॉमस ओवेन्स या अभ्यासकाने १९७४ च्या प्रबंधात त्याचे सोलो उकलून शंभरेक ठरावीक तुकडे वेगळे काढले. पार्करची कमाल ते तुकडे कुठे आणि कसे जोडायचे यात होती. हे मी सांगितलं, आणि कुणी ऐकलं नाही, कारण अण्णा एव्हाना तावातावाने दुसऱ्याच मुद्द्यावर गेले होते.

"खरी गंमत २०११ नंतर बिघडली," ते म्हणाले. त्या वर्षी यूट्यूबवर एक व्हिडिओ आला, वेगवेगळ्या वादकांच्या सोलोंतला हाच तुकडा एकापुढे एक जोडलेला. तेव्हापासून वादक मुद्दाम वाजवतात आणि जाणकार श्रोते खुदकन हसतात. आधी ती सवय होती, आता डोळा मारणं झालंय. त्यामुळे २०११ नंतरचे दाखले मोजण्यात अर्थ नाही, हे मला पटलं. बंड्याच्या तीन सोलोंपैकी दोन त्यानंतरचे निघाले. तो जरा नरमला, पण "तिसरा?" म्हणालाच.

मुग्धाने उत्तर दिलं नाही. सॅक्सोफोन ओठांना लावला आणि अगदी सावकाश वाजवू लागली. सा रे ग म, रेवर थांबली, नि... आणि फुंकच थांबवली. आमच्याकडे बघत राहिली.

दोन क्षण गेले. मग बंड्याच्याच तोंडून निघालं, "सा!"