एकशे एकतीस फेऱ्यांचं कर्ज

आमच्या स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडत नाही. दारामागे खिळ्याला एक मोठी कापडी पिशवी टांगलेली आहे आणि तिच्या पोटात बाकीच्या सगळ्या कापडी पिशव्या. पाहुण्यांना दारातून आडवं होऊन आत यावं लागतं.

पूर्वी संक्रांतीला बायका प्लॅस्टिकचे डबे नि चाळण्या लुटायच्या. मार्च 2018 मध्ये सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली, पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठेवला, आणि आमच्या सोसायटीत पर्यावरणपूरक वाणाची लाट आली. बायको हळदीकुंकवाला जाते ती पिशव्या घेऊनच परतते. प्रत्येकीवर ‘प्लॅस्टिक टाळा’ छापलेलं आणि प्रत्येक पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकच्या वेष्टनात! लग्नात मिळतात त्यांवर वधूवरांचे फोटो असतात. त्या नवदांपत्यात आपण कांदे कोंबून आणायचे. एका पिशवीवर आमच्या वॉर्डातला जुना उमेदवार हात जोडून उभा आहे. त्याने मधल्या काळात तीन पक्ष बदलले, पिशवी मात्र एकनिष्ठ.

या सुखात मुलीने विरजण घातलं. म्हणाली, “बाबा, ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 मध्ये हिशेब केलाय. सुती पिशवी 131 वेळा वापरलीत, तर कुठे तापमानवाढीच्या बाबतीत ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करते.” कापसाला खत, पाणी, मग कताई-विणाईला वीज, प्लॅस्टिकची पिशवी मात्र जेमतेम काही ग्रॅमची. डेन्मार्कवाले 2018 मध्ये हवामानापुरतं 52 वर तडजोडीला आले, पण ओझोनचा थर वगैरे सगळंच धरलं तर म्हणे 7,100 वेळा.

“रोज मंडईत गेलात तरी एकोणीस वर्षं लागतील, अहो,” बायको म्हणाली. “आणि ही झाली एक पिशवी.”

मी डेन्मार्कवर तुटून पडलो. तिथे कचरा भट्टीत जाळून त्या उष्णतेवर घरं उबदार ठेवतात, त्यांचं काय जातंय? आपल्याकडे 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, तेव्हा नाले तुंबवण्यात याच पातळ पिशव्यांचा हात होता. ते कुठल्या रकान्यात मांडलंय?

“मग वापरा ना कापडी,” मुलगी म्हणाली. “खिळ्याला टांगून नाले मोकळे होत नाहीत.”

यावर उत्तर नव्हतं. आधी जुनं कर्ज फेडावं म्हणून तळातली सर्वांत जुनी हिरवी पिशवी काढली आणि मंडई गाठली. वांगी टाकली, बटाटे टाकले, आणि पिशवी फाटली असं म्हणता येणार नाही, तिचा चुरा झाला. बटाटे गाड्याखाली, हिरव्या कपच्या माझ्या शर्टावर, मिशीत आणि वांग्यांच्या देठांना.

“कापड नाय ते काका, प्लॅस्टिकच हाय,” भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. “काडी लावून बघा, वितळून मणी होतोय त्याचा.” मावशींचं रसायनशास्त्र पक्कं होतं. त्या न विणलेल्या, कापडाचं सोंग घेतलेल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. मग मावशींनी इकडेतिकडे बघितलं, बुडाखालचं पोतं उचललं आणि बंदी असलेली पातळ काळी पिशवी माझ्या हातात सरकवली. दोघांनीही पुढे एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ओला-सुका कचरा न्यायला ताई आल्या, तेव्हा मी लग्नातल्या कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठाच पुढे केला. “ताई, चांगल्या आहेत, घेऊन जाता का?”

त्यांनी नवदांपत्याकडे पाहिलंही नाही.

“नको काका, तुमच्याच सोसायटीतल्या गोणीभर पडल्यात घरी. भंगारात पण कुणी घेत नाही. त्यापेक्षा दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवत जा, त्याला भाव येतो.”