पिशवीचा काय दोष?

"वन्सं, अंग बाहेर येतंय." वहिनी इतक्या हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं. गावच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला होता, गर्भपिशवी काढून टाका. दादाने तारीखही घेतली होती.

मँचेस्टरमध्ये माझं हेच दुखणं निघालं तेव्हा आधी १६ आठवडे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम झाले. मग योनीत आधाराला बसवायची रिंग. सिलिकॉनची, मऊ, बांगडीएवढी. पुढे ऑपरेशनची गोष्ट निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवऱ्याशी संबंध आहेत का? एकसष्टाव्या वर्षी मी लाजले. पण प्रश्न कामाचा होता. संबंध नकोच असतील तर योनीमार्ग शिवून बंद करण्याचं लहानसं ऑपरेशन चालतं, हवे असतील तर ते बाद.

इथलं सगळं चांगलं, असं मात्र नाही. ऑपरेशनसाठी माझा नंबर अजून लागायचाय. आणि याच देशात अंग सावरायला योनीमार्गातून प्लास्टिकची जाळी बसवली गेली. ती कित्येकींना आत रुतली. बायका दुखणं सांगत राहिल्या, कुणी मनावर घेतलं नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये जाळीचा सर्रास वापर थांबला, २०२० च्या कंबरलेज चौकशी अहवालाने त्या बायकांचं म्हणणं मान्य केलं.

आपल्याकडे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्यावरून गदारोळ झाला, तो योग्यच होता. पण घराघरांत "मुलं झाली, आता ठेवायची कशाला" हे चालूच आहे. अंग बाहेर येतं ते आधार देणारे पट्टे सैल पडल्यामुळे. पिशवी त्यांच्याबरोबर खाली येते, इतकंच. ती काढूनही नंतर योनीचं टोक खाली घसरू शकतं. कधी काढणंच बरं असतं, नाही असं नाही. पण मँचेस्टरच्याच डॉक्टर डॉनल्डने १८८८ मध्ये पिशवी ठेवून ऑपरेशन केलं होतं. मुंबईत डॉक्टर शिरोडकर, डॉक्टर पुरंदरे यांनी तरुण बायकांची पिशवी वाचवणाऱ्या पद्धती बसवल्या. शिरोडकर तर मूळ गोव्याचे. म्हणजे ही काही परदेशी चैन नव्हे.

वहिनीला मी एकच प्रश्न लिहून दिला: पिशवी ठेवून आधार शिवता येईल का? तिने विचारला. डॉक्टरांनी उत्तर दिलं, दादाकडे बघून.