ज्यूंचा मृत्युदूत: फिरत्या मेसेजला उत्तर

‘ज्यू दंतकथांनुसार मरणाऱ्याकडे काळ्या झग्यातला अझराएल विळा घेऊन येतो. तो देवाचा वैरी, तो कधी चुकत नाही, त्याच्या हातून कोणीही सुटत नाही.’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. कथांमधला दूत यापेक्षा बराच वेगळा आहे.

झगा आणि विळा ही युरोपातल्या चित्रांची देणगी. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथातला दूत अंगभर डोळे असलेला. तो आजाऱ्याच्या उशाशी उपसलेली तलवार घेऊन उभा राहतो. तिच्या टोकाला पित्ताचा थेंब. आजारी घाबरून आ करतो आणि थेंब तोंडात पडतो. अझराएल हे नाव मुख्यतः इस्लामी परंपरेतलं. ज्यू कथांत बहुधा सामाएल भेटतो. कुत्री रडली की हा दूत गावात आला, असंही तालमूद म्हणतं. आणि कुत्री खेळू लागली, तर एलिया संदेष्टा आला! कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात, तोच हा एलियाहू हन्नाबी.

देवाचा वैरी? सैतान, दुर्वासना आणि मृत्युदूत एकच, असं तालमूदमधले पंडित रेश लाकिश म्हणतात खरं. पण तिथला सैतान देवाच्याच दरबारातला फिर्यादी आहे. परवानगीशिवाय तो बोटही लावू शकत नाही.

‘कधी चुकत नाही’ हे तर वाचून हसूच आलं. तालमूदच्या हगीगा या भागात दूत आपल्या हस्तकाला वेण्या घालणाऱ्या मिर्यामला आणायला पाठवतो आणि तो मुलं सांभाळणाऱ्या मिर्यामला घेऊन येतो. ‘परत नेऊ का?’ ‘आणलीच आहेस, तर राहू दे.’ कुठल्याही कचेरीत शोभेल असा कारभार.

सुटकेचं म्हणाल, तर मेसेज अर्धाच खरा. दावीद राजा शब्बाथभर, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, अखंड तोरा हा धर्मग्रंथ वाचत बसला, तोवर दूताचं काही चालेना. शेवटी बागेतली झाडं हलवून त्याने राजाला बाहेर काढलं, पायरी मोडली, वाचन थांबलं, राजा गेला. पण योशुआ बेन लेवी या पंडितांनी ‘स्वर्गातली माझी जागा दाखव’ म्हणून दूताला गळ घातली, वाटेत भीती वाटते म्हणून त्याची सुरीही मागून घेतली आणि थेट कुंपणापलीकडे उडी मारली. परत येणार नाही, अशी शपथ घेतली. ती मोडली गेली नाही. सुरी मात्र आकाशवाणीने परत द्यायला लावली.

अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन आणि त्यांची बहीण मिर्याम या सहा जणांवर तर दूताचा अधिकारच नव्हता. मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या ज्यू कथा-टीकांत, मोशेकडे आलेला सामाएल हात हलवत परततो आणि देव स्वतः चुंबनाने प्राण नेतो. तालमूदने मोजलेल्या मरणाच्या ९०३ प्रकारांत हा सर्वांत सोपा, दुधातून केस काढावा तसा.

दूताची भीती मात्र मेसेजवाल्यांनी रचलेली नाही. तालमूदमधले पंडित रव नहमानही मरणानंतर रवा या शिष्याच्या स्वप्नात येऊन हीच दुधातल्या केसाची उपमा देतात आणि वर सांगतात, पुन्हा त्या जगात जा म्हटलं तर जाणार नाही, त्या दूताची धास्ती फार.