हँडल वाकलंय तुमचं

परवा सकाळी एका सद्गृहस्थांनी रस्त्याच्या कडेला माझ्या सायकलचे पुढचे चाक स्वतःच्या दोन गुडघ्यांत पक्के धरून माझे हँडल सरळ करून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. ते हँडल मुळातच वाकडे आहे, वाकडे आहे म्हणूनच घेतलेले आहे आणि ते नेमके किती अंशांनी वाकडे असावे हे ठरवण्यात माझे तीन महिने गेलेले आहेत, हे त्यांना पटवून देण्यात मी सपशेल हरलो. माझा त्यांच्यावर राग नाही, असे मी घरी सांगितले आहे. ते पूर्णपणे खरे नाही.

प्रकरण सुरू झाले करंगळीपासून. माउंटन बाइक घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या फेरीनंतर माझ्या दोन्ही करंगळ्या आणि त्यांच्या शेजारच्या बोटांची अर्धी बाजू बधिर होऊ लागली. घरी आल्यावर शर्टाची बटणे काढताना ही बोटे कोणा दुसऱ्याची उसनी आणली आहेत असे वाटे. चौकशीअंती कळले, की तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, एका अरुंद बोळातून अल्नर नावाची नस जाते. सरळ हँडलवर मनगट मुडपून त्यावर धडाचे वजन टाकले, की ती चेपली जाते. सायकलस्वारांत हे दुखणे इतके जुने आहे, की वैद्यकाने त्याला सायकलस्वारांचेच नाव देऊन टाकले आहे. जाड हातमोजे झाले, मऊ मुठी झाल्या, हात झटकत सायकल चालवणेही झाले, आणि त्यामुळे समोरून येणारे लोक मला हात हलवून प्रतिसाद देऊ लागले. शेवटी हँडल बदलण्याचे ठरले.

मागे वळलेले हँडल का हवे, हे समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. खांदे सैल सोडून दोन्ही हात समोर धरावेत, प्रत्येक मुठीत एक पेन्सिल घ्यावी आणि खाली पाहावे. त्या पेन्सिली कधीही एका सरळ रेषेत येत नाहीत. त्यांची बाहेरची टोके आपल्याकडे कललेली असतात. शरीराचे म्हणणे एवढेच आहे. सायकलसोबत येणारे हँडल मात्र जेमतेम ७ ते ९ अंश मागे वळलेले असते, म्हणजे विचारले तर ‘वळलेले आहे’ असे म्हणता यावे इतकेच. त्यापुढे १२ अंश आहेत, १६ आहेत, आणि जेफ जोन्स नावाच्या गृहस्थांनी डोंगरी सायकलींसाठीच केलेले हँडल तर थेट ४५ अंशांवर जाते. मी रोज रात्री पेन्सिली धरून कोनमापकाने स्वतःची मनगटे मोजत असे. कोनमापक मुलीच्या कंपासपेटीतला होता आणि तो तिला नेमका भूमितीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री हवा होता, पण तो तपशील येथे नको. अखेर मी ३४ अंशांवर स्थिरावलो.

अंश ठरले म्हणजे हँडल मिळाले, असे ज्याला वाटते त्याने सायकल या वस्तूला कधी पाना लावलेला नसावा. हँडल ज्या जागी स्टेममध्ये, म्हणजे त्याला सायकलीशी जोडणाऱ्या आखूड दांड्यात, पकडले जाते तेथे त्याची जाडी २५.४ मिलिमीटर असते, किंवा ३१.८ असते, किंवा अलीकडे कोणाच्या तरी डोक्यातून निघाल्याप्रमाणे ३५ असते. मला आवडलेले हँडल २५.४ चे आणि माझा स्टेम ३१.८ चा निघाला, म्हणून मधल्या फटीत बसवायला धातूचे एक पातळ कडे आणले. मुठीच्या जागी जाडी सगळीकडे २२.२ असते, एवढी कृपा आहे. पण शहरी सायकलींच्या पुष्कळशा हँडलांत सरळ भाग इतका आखूड असतो, की मूठ, ब्रेक आणि गिअरचा खटका यांपैकी कोणा एकाला वळणावरच उभे राहावे लागते. शिवाय मागे वळलेल्या हँडलमुळे हात चांगले चार बोटे मागे येतात, म्हणून स्टेम लांब घ्यावा लागतो. नाही तर चढावर पुढचे चाक उचलू पाहते आणि घट्ट वळण घेताना हँडलचे टोक गुडघ्याची विचारपूस करते. स्टेम लांब घेतला, की ब्रेकची नळी आखूड पडते. जुन्या रबरी मुठी काढताना स्क्रू ड्रायव्हरने एक कड उचलून आत साबणाचे पाणी सोडावे लागते, मग मूठ ‘फुस्स’ असा आवाज करून सुटते आणि माणूस तिच्यासह भिंतीवर जातो. माझ्या नखांतली काळी राड आठ दिवस निघाली नाही.

आणि एवढे सगळे करून, पहिल्यांदाच बोटे जागी ठेवून, मी त्या सकाळी एका वळणावर पाणी प्यायला थांबलो होतो.

गृहस्थ सत्तरीच्या पुढचे असावेत. हातात काठी होती, पण ती टेकण्यासाठी नसून दाखवण्यासाठी होती. भिंतीवरची तसबीर तिरकी झाली असेल तर आपण जशी मान कलती करून पाहतो, तसे ते बराच वेळ सायकलीकडे पाहत राहिले. मग काठीचे टोक हँडलला लावून म्हणाले, “हँडल वाकलंय तुमचं.”

“नाही काका, ते तसंच आहे.”

“तसंच आहे हे दिसतंय मला. म्हणून तर सांगितलं.” एवढे बोलून ते जवळ आले. “कुठे धडकलात?”

“कुठेच नाही.”

बायकोला न सांगता केलेल्या खर्चाबद्दल ऐकताना मित्र जसे हसतात तसे ते हसले. “सांगायचं नसेल तर राहू दे. पण दोन्ही बाजूंनी सारखंच वाकलंय, म्हणजे समोरूनच बसलेली दिसते. भिंत होती का?”

हा माणूस निवृत्तीपूर्वी कोणत्या तरी तपास खात्यात असावा, असे मला त्या क्षणी वाटून गेले. त्यांची तर्कपद्धती निर्दोष होती. फक्त गुन्हा घडलेला नव्हता.

“काका, ते कारखान्यातच वाकवलेलं आहे.”

“म्हणजे खराब माल गळ्यात मारला.”

“नाही, मुद्दाम वाकवलेलं आहे.”

“आणि तुम्ही ते घेतलंत?”

“हो.”

“सरळ शिल्लक नव्हतं?”

“सायकलबरोबर सरळच आलं होतं.”

“मग ते कुठे गेलं?”

“घरी आहे. काढून ठेवलं.”

येथे ते थोडा वेळ गप्प राहिले. एव्हाना कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई आणि कानात काहीतरी घातलेला एक तरुण थांबला होता. तरुणाने एका कानातले काढले, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे. गृहस्थांनी साक्षीदारांकडे एकदा पाहिले आणि निकाल वाचून दाखवावा तसे सावकाश विचारले, “म्हणजे चांगलं सरळ हँडल काढलंत आणि पैसे देऊन वाकडं बसवलंत?”

“हो.”

“निदान स्वस्त तरी पडलं असेल.”

“नाही, सरळपेक्षा महाग पडलं.”

“बरोबर आहे,” ते बाईंकडे वळून म्हणाले, “वाकवण्याचे वेगळे पैसे.”

कुत्रे सोडून सगळे हसले. मला तेथून निघून जाता आले असते. परंतु तीन महिने मनगटे मोजलेल्या माणसाला शहाणपण कोठून सुचणार! मी रस्त्याच्या कडेच्या दोन काटक्या उचलल्या आणि त्यांच्या मुठींत दिल्या. हात समोर धरा म्हणालो, खांदे सैल सोडा म्हणालो, आता खाली पाहा म्हणालो. त्यांनी पाहिले. काटक्या अगदी सुरेख कललेल्या होत्या, तीसेक अंश तर नक्कीच. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही तरी उमटले आणि माझी छाती फुगली.

“हे मात्र खरं आहे हो,” ते म्हणाले. “मग सगळ्याच सायकलींना असं हँडल का लावत नाहीत?”

या प्रश्नाचे उत्तर आहे. डोंगरउतारावर स्वार पेडलांवर उभा राहतो, कोपरे बाहेर काढतो, छाती खाली नेतो. कोपरे बाहेर गेली, की सरळ हँडल मनगटाला आपोआप जुळते, आणि रुंद हँडलमुळे दगडधोंड्यांत चाक ताब्यात राहते. बसून, कोपरे अंगालगत ठेवून जाणाऱ्याची गोष्ट अगदी उलटी असते. हे सर्व मला दुपारी आंघोळ करताना ओळीने सुचले. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, “ते डोंगरासाठी असतं.”

“तुम्ही डोंगरावर निघालात का?”

मी किल्लीची नक्कल करून घ्यायला निघालो होतो. ते मी सांगितले, कारण खोटे बोलायलाही काही पूर्वतयारी लागते.

“धरा जरा,” असे म्हणून त्यांनी काठी तरुणाच्या हाती दिली, काटक्या बाईंच्या हाती दिल्या, पुढचे चाक गुडघ्यांत घेतले आणि दोन्ही हातांनी हँडल ओढले. आता, त्या जाडीची ॲल्युमिनियमची नळी सत्तरीच्या हातांनी सरळ होणे अशक्य होते आणि त्याबाबत मी निर्धास्त होतो. पण स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नयेत, असे इतक्या ठिकाणी वाचले होते, की मी ते भीतीपोटी त्याहून बरेच कमी आवळले होते. हँडल वाकले नाही; स्टेमसकट करकरत फिरले.

“बघा,” ते धापा टाकत म्हणाले, “हललं. अजून एक हिसका दिला की झालं.”

माझी सायकल आता खरोखरच वाकडी झाली होती. चाक समोर पाहत होते आणि हँडल बाईंच्या कुत्र्याकडे. बोल्ट फिरवायची ॲलन की घरी होती. दुसरा हिसका मी विनवण्या करून थोपवला, तेव्हा ते काहीसे नाराज झाले आणि नळी आधी तापवून घ्यायला हवी, असा सल्ला देऊन काठी परत घेऊन निघाले. मी हँडल उजवीकडे वळवून सरळ जात घरी आलो. किल्ली राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही, कारण माझे उत्तर अर्धेच आहे. डोंगरावर जाणाऱ्यांसाठी सरळ हँडल, हे ठीक. पण डोंगरी म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकली चालवणारे आमच्यासारखे किती जण कोपरे बाहेर काढून दरीत झेपावतात? २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात रीपॅक नावाच्या उतारावर ज्या शर्यतीपासून या साऱ्या खेळाचा इतिहास सांगितला जातो, ती मंडळी जुन्या, जाडजूड टायरांच्या, भंगारातून उठवलेल्या सायकलींवर होती. त्या उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. रीपॅक हे नाव त्यावरूनच पडले. अशा सायकलींतल्या अनेकांची हँडले रुंद आणि मागे वळलेली होती. म्हणजे सुरुवातीला लोक डोंगरावरून जीव मुठीत धरून उतरले ते मनगटांना सोसणाऱ्या मुठींवर, आणि आम्ही किल्ली करायला जातो ते करंगळ्या मारून. नव्वदीच्या दशकात हँडल जेमतेम ५६०-५८० मिलिमीटर रुंद होते आणि स्टेम हातभर लांब; आज हँडल ८०० पर्यंत गेले आहे आणि स्टेम अंगठ्याएवढा उरला आहे. दोन्ही वेळा हेच शास्त्रशुद्ध असल्याचे ठणकावून सांगितले गेले. हँडल दाराच्या चौकटीत अडकण्याइतके वाढवण्याचे धाडस ज्यांना झाले, त्यांना ते आणखी पंधरा-वीस अंश मागे वळवण्याचा संकोच का वाटावा, हे मला समजत नाही. पूर्वीच्या साध्या सायकलींना जे आपोआप मिळत होते, त्यासाठी आज पातळ कडे, लांब स्टेम आणि नवी नळी घ्यावी लागते आणि वर अपघातग्रस्त ठरावे लागते. याचा मला संताप येतो, आणि तो मी नेमका कोणावर काढावा हेही कळत नाही.

बोल्ट आता नीट आवळले आहेत. बोटे जागी आहेत. आज सकाळी त्याच वळणावर ते गृहस्थ पुन्हा दिसले, सोबत त्यांच्याच वयाचे आणखी एक जण होते. या वेळी त्यांनी मला अडवले नाही. फक्त सोबत्याच्या कानाशी लागून काही तरी सांगितले. सोबत्याने आधी माझ्या हँडलकडे पाहिले, मग माझ्या कपाळाकडे पाहिले, आणि मी शेजारून जाताना अतिशय हळुवार आवाजात विचारले, “आता चक्कर वगैरे येत नाही ना?”