रिपोर्ट नॉर्मल, पण आधीचा कुठे आहे?

पंचावन्न वर्षांची बाई, क्रिएटिनीन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.२. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसणारा आकडा. हा एकच कागद हाती आलेला नवा डॉक्टर पुढे जाईल, त्यात त्याची चूक नाही. पण दोन वर्षांपूर्वी तो ०.८ होता हे ज्याला ठाऊक आहे, तो थांबतो. वय धरून हिशेब केला तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ८८ वरून ५३ वर आलेली असते. मग तो विचारतो, "मावशी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुठली गोळी घेता?" बऱ्याचदा डायक्लोफेनॅक ही पेनकिलर निघते. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी आधीच चालू असते. या तिन्ही एकत्र आल्या की किडनी अडचणीत येते, जुलाब-उलट्यांत तर फारच. मग पेनकिलर बंद, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासायचं, क्रिएटिनीन पुन्हा करायचं.

फॅमिली डॉक्टर बदलू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी. २०१८ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २२ अभ्यासांचा आढावा आला. त्यातल्या १८ अभ्यासांत, डॉक्टर तोच राहिला तिथे मृत्यू कमी दिसले. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत हे मान्य, पण वरचं उदाहरण बघा.

आधीच्या माहितीची ही साखळी सगळ्यात जास्त तुटते डिस्चार्जनंतर. हॉस्पिटलने ब्रँड बदललेला असतो, घरी जुनी पट्टी शिल्लक असते, पेशंट दोन्ही घेतो. दोन्हीत ग्लिमेपिराइड हे डायबेटिसचं औषध असेल तर पहाटे साखर घसरते, घाम फुटतो, घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. म्हणून घरी आल्यावर आठवड्याच्या आत सगळ्या पट्ट्या, जुन्यासुद्धा, एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरकडे न्या. ब्रँड नव्हे, आतलं औषध वाचून जुन्या तिथेच बाजूला काढायच्या.

आता आपल्याच डॉक्टर मंडळींना. कोल्हापूरच्या पेठांतल्या कितीतरी दवाखान्यांत अजून सुट्या गोळ्यांची पुडी दिली जाते. पुडीवर नाव नसेल तर रात्री दोनला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलला, पोचलेल्या पेशंटच्या पोटात काय गेलंय, हे तिथल्या डॉक्टरने कसं ओळखायचं? हे थांबलंच पाहिजे.

पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला घराघरांत शिरलं. त्यामुळे फाइल असेलच, तरी शेवटची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजी यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जुना ईसीजी तर नक्कीच. छातीत दुखतंय म्हणून काढलेल्या नव्या ईसीजीतला बदल आजचा की पूर्वीचाच, ते त्यावरूनच कळतं.

आणि जे सिनियर डॉक्टर दवाखाना बंद करताहेत त्यांना हात जोडून विनंती. बीपी, शुगर, दम्याच्या प्रत्येक पेशंटच्या हातात एक पान द्या. आजार कधीपासून, औषधं डोससकट, ॲलर्जी, शेवटचं क्रिएटिनीन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. शिवाय कुठलं औषध का थांबवलं, तेही लिहा. खोकला लागला म्हणून रॅमिप्रिल बंद केलं, पाय सुजले म्हणून ॲम्लोडिपिन निम्म्यावर आणलं, हे लिहिलेलं नसलं की पुढचा डॉक्टर तीच गोळी पुन्हा सुरू करतो.