‘मीटर खोटं आहे’ या तुमच्या रिव्ह्यूला दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना मोबाइलवर वाचला आणि तिथेच पायरीवर बसून पुन्हा दोनदा वाचला. एक तारा दिलाय. तुम्ही लिहिलंय की टोइंगच्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान दाखवणारं मीटर आमच्याकडे बसवून घेतलं. दोन दिवस सांगून आम्ही चार दिवस लावले. पहिल्याच मोठ्या चढावर काटा ११८ अंशांवर गेला, तुम्ही घाबरून इंजिन बंद केलं. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर ९६. म्हणून मीटर खोटं, बसवणारे अर्धवट, आणि आता तुम्ही मीटरची वायरच काढून टाकली आहे.

चार दिवसांबद्दल माफी मागतो. चूक आमचीच. ऑइलच्या लाइनमध्ये सेन्सरसाठी बसवायच्या टी-जॉइंटचे आटे जुळेनात, दुसरा अडॅप्टर यायला वेळ लागला. जुळत नसलेला आटा जोर लावून फिरवला असता तर दुसऱ्याच दिवशी गाडी दिली असती, पण मग भर रस्त्यात ऑइल गळलं असतं. ते असो. तुम्हाला फोन करून उशीर कळवायला हवा होता, तो मी केला नाही. तुमची गाडी उभी म्हणजे तुमचा धंदा उभा, हे मला कळतं. माफ करा.

पण ‘मीटर खोटं’ हा शब्द मला गिळता येत नाही.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी तुम्हाला गाडीखाली नेऊन सेन्सर बसवायच्या तीन जागा हाताने दाखवल्या होत्या, आठवत असेल. एक चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला जिथे सगळं ऑइल जमतं. दुसरी, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) निघून ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारी लाइन. तिसरी, कूलरमधून थंड होऊन परत येणारी लाइन. एकच ऑइल, पण तिन्ही जागी तापमान वेगळं असतं. कन्व्हर्टरमधून बाहेर पडतं तेव्हा सगळ्यात तापलेलं, कूलरहून परतताना सगळ्यात थंड, आणि चेंबरमध्ये या सगळ्याची सरासरी. मी चेंबर सुचवला होता. तुम्ही म्हणालात, “जिथे सगळ्यात आधी कळेल तिथे लावा.” तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, लोड ओढणारे बरेच जण तीच जागा मागतात. जॉब कार्डवर ‘कूलरला जाणारी लाइन’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे.

आता त्या मेकॅनिकचा स्कॅनर. तो बाहेरून काही मोजत नाही. कंपनीने गिअरबॉक्सच्या आत जो सेन्सर दिलेला असतो त्याचा आकडा तो वाचतो, आणि तो सेन्सर सहसा चेंबरच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणजे त्यांनी चेंबरचं तापमान पाहिलं आणि तुम्ही कन्व्हर्टरचं. त्यांचं ९६ बरोबर आहे. आपलं ११८ सुद्धा बरोबर आहे. शिवाय तुमच्याच लिहिण्याप्रमाणे तुम्ही चढावर थांबलात, मागची गाडी सोडवलीत, आणि रिकामा ट्रक घेऊन त्यांच्याकडे गेलात. लोड उतरल्यावरचा तो आकडा आहे. त्या मेकॅनिकबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. पण चढावरच्या आकड्याला सपाटीवरच्या आकड्याने खोटं ठरवणं हा आमच्यावर अन्याय आहे.

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखे आणखी लोक हे वाचतील. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑइलच्या मार्फत पुढे जाते. इंजिनकडचं चाक ऑइल फेकतं, गिअरबॉक्सकडचं चाक त्या माऱ्याने फिरतं. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक तेवढी ताकद वाया जाते, आणि वाया गेलेली ताकद म्हणजे निव्वळ उष्णता. सपाट रस्त्यावर वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकत्र बांधतो आणि फरक संपतो. चढावर, मागे लोड असताना, वेग पडला की लॉक-अप सुटतो. मग सगळा भार ऑइलवर येतो आणि काटा काही मिनिटांत वीस-पंचवीस अंश चढतो. लोडसह चढावर रिव्हर्स घेणं तर त्याहून वाईट, कारण गाडी जेमतेम हलते, इंजिन जोर करतं आणि रेडिएटरवर वारा जवळजवळ नसतो. लॉक-अप परत लागला की त्या लाइनचा काटा तितक्याच झपाट्याने उतरतो. चेंबरचा काटा मात्र दोन्ही वेळा सावकाश हलतो, कारण तिथे ऑइलचा साठा मोठा.

‘बसवणारे अर्धवट’ याबद्दल. बसवण्याआधी माझ्या मुलाने तो सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून तपासला होता. काटा ९८ वर थांबला. मी स्वतः उभा होतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंट बॉडीतून परत जायची वाट) आट्यांमधून मिळतो, म्हणून आम्ही त्यावर गळती रोखायची पांढरी टेप गुंडाळत नाही. टेपने अर्थ कच्चा होतो. आणि आपला टी-जॉइंट रबरी होजवर बसलाय, तिथून अर्थ मिळणारच नाही, म्हणून त्याला चासीपर्यंत वेगळी वायर ओढली. तिसऱ्या दिवसाचा अर्धा वेळ त्यातच गेला. आणि समजा आमचा अर्थ कच्चा राहिलाच असता, तर या प्रकारच्या सेन्सरवर काटा खरा आहे त्यापेक्षा खाली दाखवतो. वर दाखवत नाही. तुमचा वर गेला. पंधरा वर्षं गिअरबॉक्सच उघडतोय साहेब, एवढं तरी मला कळतं.

तरी आमचं एक चुकलं, ते कबूल करतो. मीटर लावून दिलं, पण त्या जागी कोणता आकडा किती घाबरण्याजोगा हे कागदावर लिहून दिलं नाही. तोंडी सांगितलं, तेही गाडी न्यायच्या घाईत. पोराने तुम्हाला “त्याचं काही टेन्शन घेऊ नका” एवढंच म्हटलं, असं त्याने मला काल सांगितलं. ते पुरेसं नव्हतं. यापुढे मीटरसोबत आकड्यांचा कागद देऊ.

तो कागद तुम्हाला इथेच देतो. चेंबरमध्ये ८० ते ९५ म्हणजे निरोगी. चेंबरमध्ये १०५ च्या पुढे सतत राहिलं तर वेग, गिअर किंवा लोड यात काहीतरी बदलायचं. साधारण ११५ च्या पुढे ऑइल आतमध्ये वार्निशसारखा थर धरायला लागतं, १३० च्या आसपास रबरी सील कडक व्हायला लागतात, आणि १५० च्या जवळ क्लच प्लेटा घसरून जळतात. कन्व्हर्टरच्या लाइनमध्ये मात्र चढावर ११० ते १२५ दिसून सपाटीवर परत उतरलं तर ती धोक्याची घंटा नाही. तिथे १३० ओलांडून काटा उतरतच नसेल तर थांबायचं. म्हणूनच आम्ही अलार्म १३० वर लावला होता. ११८ वर तो वाजला नाही, याचं कारण तो बिघडला नव्हता.

एक जुना हिशोब आमच्या धंद्यात सगळे सांगतात. चेंबरचं ऑइल ८० अंशांच्या आसपास राहिलं तर ते सुमारे १,६०,००० किलोमीटर टिकतं, आणि त्यावर दर ११ अंशांना आयुष्य अर्धं होतं. म्हणजे ९१ ला ८०,०००, शंभरच्या थोडं पुढे ४०,०००. हा हिशोब जुन्या मिनरल ऑइलचा, आजची सिंथेटिक ऑइलं बरीच जास्त सोसतात. पण उतार त्याच दिशेने असतो. हे सांगतोय कारण तुमची लाइन सोडवली तेव्हा आतून लाल नव्हे, तपकिरी ऑइल आलं आणि त्याला जळका वास होता. मी ते तुम्हाला पांढऱ्या कापडावर दाखवलं, ऑइल बदलून घ्या म्हटलं. तुम्ही म्हणालात पुढच्या वेळी बघू. ते ऑइल एका चढाने तसं झालेलं नाही. मीटर नव्हतं तेव्हाही तुमची गाडी तापत होतीच, फक्त कळत नव्हतं. डॅशबोर्डवरचा दिवा पुष्कळ गाड्यांमध्ये फार उशिरा लागतो, आणि कंपनीचा काटा असला तरी तो बराच मोठा पल्ला मधोमधच धरून ठेवतो.

आता एक गोष्ट लिहितो, रागावू नका. काटा वर गेल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत. ऑइल फिरवणारा पंप इंजिनवरच चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, कूलरकडे ऑइल जाणं बंद, आणि कन्व्हर्टरमधलं तापलेलं ऑइल तिथेच शिजत बसतं. गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवायचं. पार्कमध्ये नको, काही गिअरबॉक्समध्ये पार्कला असताना कूलरकडे ऑइल जातच नाही. थोड्या वेळात काटा उतरताना तुम्हाला दिसला असता. इंजिन स्वतःच ओव्हरहीट होत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच टो मोड (लोड ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा किंवा हाताने खालचा गिअर धरा. वरच्या गिअरमध्ये गाडी गिअर बदलत राहिली की लॉक-अप सारखा सुटतो. तुमच्या ड्रायव्हरलाही हे सांगा.

तुम्ही रागात लिहिलंत हे समजतं. रात्री चढावर लोड घेऊन अडकलेल्या माणसाला कोण काय बोलणार. पण आज सकाळी एका गिऱ्हाईकाने ठरलेलं काम रद्द केलं आणि तुमचाच रिव्ह्यू वाचून दाखवला. आमच्याकडे तीन पोरं काम करतात, त्यांची घरं याच दुकानावर आहेत. उशीर झाला म्हणून तारे कापा, मी एक शब्द बोलणार नाही. मीटर मात्र खरं बोलत होतं.

आणि ती काढलेली वायर. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. तिचं टोक उघडं लोंबत असेल तर आजच इन्सुलेशन टेप गुंडाळून बांधून ठेवा. बॉडीला लागली तर काटा एकदम शेवटपर्यंत जाईल आणि तुम्ही पुन्हा घाबराल. या आठवड्यात ट्रक आणा, वायर मी स्वतः जोडून देतो, वाट बघायला लागणार नाही. आणि रिकामा आणू नका, मागे लोड घेऊन या. त्या मेकॅनिकलाही सोबत आणा. स्कॅनर त्यांचा, मीटर आपलं, दोन्ही एकाच चढावर एकाच वेळी बघू. मग चेंबरला दुसरा सेन्सर हवा असं तुम्हाला वाटलं तर तोही बसवून देईन, म्हणजे दोन्ही आकडे तुमच्या डोळ्यासमोर राहतील.